गच्चीवरच्या नळ्या काढायच्या की ठेवायच्या? आंघोळीच्या ऊन पाण्याचा हिशेब

पुणे, पिंपरी-चिंचवड, नाशिक इथल्या अनेक सोसायट्यांच्या सभांत सध्या एकच वाद रंगतो. गच्चीवर बिल्डरनं बसवून दिलेले पाणी तापवायचे सोलर आहेत. काही नळ्या फुटल्यात, टाकी गळते, खालच्या मजल्यांवर पाणी कोमटच येतं. दुसरीकडे फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना आली आणि छतावर वीज तयार करणाऱ्या पॅनलना अनुदान मिळू लागलं. स्वतंत्र घराला ३ किलोवॅटसाठी ७८,००० रुपये, सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये. मग कुणी म्हणतं, "नळ्या भंगारात द्या, पॅनल लावा, गिझर फुकटात चालेल." कुणी म्हणतं, "चालू असलेलं मोडायचं कशाला?" आणि तिसरा हीट पंपाचं कोटेशन घेऊन आलेला असतो, ज्याचा अर्थ सभेत कुणालाच नीट उमगलेला नसतो.

आमच्याही सोसायटीत हेच झालं. दोन सभा वाया गेल्यावर मी वही घेऊन बसलो, आणि लक्षात आलं की पाणी तापवायला मुळात किती उष्णता लागते, हेच आपण कधी मोजलेलं नसतं.

आधी बादली मोजू

१ लिटर पाण्याचं तापमान १ अंशानं वाढवायला लागते ती उष्णता म्हणजे १ किलोकॅलरी. आणि ८६० किलोकॅलरी म्हणजे वीजबिलावरचं १ युनिट. एवढ्या दोन गोष्टी लक्षात ठेवल्या की पुढचं सगळं तोंडी हिशेबानं सुटतं.

थंडीत नळाचं पाणी १८ अंशांच्या आसपास असतं. आंघोळीला ४२ अंश पुरतात, त्याच्यावर पाणी कढत वाटतं. २० लिटरची बादली धरली तर २० गुणिले २४, म्हणजे ४८० किलोकॅलरी. अर्ध्या युनिटाहून थोडं जास्त. घरात चार माणसं असतील तर सव्वादोन युनिटं. शॉवर मिनिटाला ८-१० लिटर पाणी ओततो; दहा मिनिटं खाली उभं राहिलं की चार-पाच बादल्या संपतात, आणि उष्णताही तितक्याच पटीत.

बंब असो, गिझर असो की सोलर, बादलीमागचे हे ४८० कुणालाच चुकत नाहीत. ते कुठून आणायचे आणि वाटेत किती सांडू द्यायचे, एवढंच आपल्या हातात असतं.

गिझरवरचे तारे काय सांगतात

पाच तारे असलेला गिझर कमी विजेत पाणी तापवतो, असा सर्रास समज आहे. गिझरची कॉइल पाण्यात बुडालेली असते. तिच्यात गेलेली जवळजवळ सगळी वीज उष्णता होऊन पाण्यातच जाते. एक तारा असो वा पाच. साठवणीच्या गिझरचे तारे ठरतात ते तापलेलं पाणी तो किती ऊबदार ठेवतो यावर. म्हणजे टाकीभोवतीचं आवरण किती चांगलं आहे, यावर. सकाळी वीस मिनिटं लावून लगेच सगळं पाणी वापरणाऱ्या घरात ताऱ्यांनी फार फरक पडत नाही. दिवसभर बटण चालू ठेवणाऱ्या घरात मात्र पडतो, कारण तिथे गिझर पाण्यासोबत न्हाणीघराची हवाही तापवत असतो.

३ किलोवॅटचा छोटा इन्स्टंट गिझर मिनिटाला ४३ किलोकॅलरी देतो. पाणी २१ अंशांनी तापवायचं तर मिनिटाला २ लिटरच धार. बादली भरायला दहा मिनिटं. "बारीक धार येते" ही तक्रार गिझरच्या दोषाची नसते, ते साधं गणित आहे.

पैठणीनं फरशी पुसू नये

वीज ही ऊर्जेची पैठणी आहे. तिच्यावर पंखा फिरतो, संगणक चालतो, लोकल धावते. ती बनवायलाही तसाच खर्च येतो. महाराष्ट्राची बरीचशी वीज अजून चंद्रपूर, कोराडी अशा औष्णिक केंद्रांत कोळसा जाळून येते. तिथे शंभर भाग उष्णता जाळली की साधारण एक तृतीयांश वीज हाती लागते. बाकीची उष्णता कुलिंग टॉवरमधून आणि धुराड्यातून हवेत जाते. म्हणजे आपण हजार अंशांच्या वरची आग पेटवतो, दोन तृतीयांश उष्णता सोडून देतो, उरलेल्याची वीज करून शेकडो किलोमीटर तारांवरून आणतो आणि तिचं करतो काय, तर ४२ अंशांचं पाणी.

आंघोळीच्या पाण्याला आग लागत नाही, ऊब लागते. आणि ऊब मिळण्याची ठिकाणं आपल्याकडे भरपूर आहेत.

जुना तांब्याचा बंब या बाबतीत शहाणा होता. मधोमध निखाऱ्याची नळी आणि भोवती पाणी, त्यामुळे उष्णता थेट पाण्यात जायची. कोकणात न्हाणीच्या चुलाण्यात झावळ्या आणि नारळाची सोडणं जळायची, म्हणजे परसातला पालापाचोळाच. पण त्या धुरानं आपल्या आज्यांचे डोळे आणि छाती खराब केली, हे विसरून बंबाचे गोडवे गाऊ नयेत. गुरं असलेल्या घरात गोबर गॅस हा त्याचा बिनधुराचा भाऊ. स्वयंपाक भागून गॅस उरत असेल तर पाण्यासाठी त्याच्याइतकं सोयीचं काही नाही.

गॅस गिझर कोळशाच्या विजेपेक्षा काटकसरी आहे, कारण ज्योत जिथे लागते तिथेच जळते. पण घरगुती सिलिंडरचा किंवा पाइपचा गॅस जमिनीतून काढलेलाच असतो, म्हणून तो अक्षय ऊर्जेत बसत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दर हिवाळ्यात बंद न्हाणीघरात गॅस गिझरमुळे माणसं दगावल्याच्या बातम्या येतात. हवा कमी पडली की ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो, रंग नसतो आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. गुदमरल्यासारखं न वाटताच माणूस कोसळतो. गॅस गिझर बसवायचा तर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत. ही एक गोष्ट या लेखातल्या बाकी सगळ्या हिशेबांच्या आधी येते.

नळ्यांमध्ये नेमकं काय चालतं

गच्चीवरची प्रत्येक काचेची नळी म्हणजे एक उघड्या तोंडाचा थर्मास. काचेचे दोन थर आणि मध्ये निर्वात पोकळी. आतल्या थरावरचा काळा लेप ऊन पितो, आणि पोकळीमुळे ती ऊब बाहेर पडू शकत नाही. तापलेलं पाणी हलकं होऊन वर टाकीत चढतं आणि टाकीतलं गार पाणी खाली नळीत उतरतं. पंप नाही, वीज नाही. सपाट काचेच्या पेटीतल्या तांब्याच्या नळ्यांचा प्रकारही याच तत्त्वावर चालतो.

१०० लिटरच्या सपाट संचाला साधारण २ चौरस मीटर पृष्ठभाग लागतो. स्वच्छ उन्हात तो १०० लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर नेतो, म्हणजे रोज ३,५०० किलोकॅलरी, जवळपास ४ युनिटं उष्णता. आणि ६० अंशांच्या पाण्यानं कुणी आंघोळ करत नाही, त्यात तितकीच विसण घालावी लागते. १०० लिटरचं २०० लिटर होतं, दहा बादल्या. चौघांच्या घराला सहज पुरतं.

"आमचा सोलर तर चालतच नाही"

ही तक्रार खरी असते, पण दोष सूर्याचा क्वचितच असतो. मी आमच्या गच्चीवर प्लंबरसोबत दोन सकाळी घालवल्या, तेव्हा जे दिसलं ते बहुतेक सोसायट्यांत दिसेल.

पहिलं कारण बोअरचं पाणी. त्यातले क्षार तापले की नळ्यांच्या आत पांढरी खपली धरतात. तांब्याच्या बारीक नळ्या तर पार बुजतात. काचेच्या नळ्या रुंद असल्यानं जरा जास्त तग धरतात. खपली काढायला सौम्य आम्ल फिरवावं लागतं, तेही जाणत्या माणसाकडून. दुसरं, नळीची पोकळी निकामी होणं. हे ओळखायची खूण सोपी आहे. नळीच्या खालच्या बंद टोकाला आतून आरशासारखी चंदेरी चकाकी असते. ती दुधाळ पांढरी झाली असेल तर आत हवा शिरली आहे आणि तो थर्मास आता साधी बाटली उरलाय. एक नळी बदलायला संपूर्ण संचाच्या मानानं किरकोळ खर्च येतो. मात्र कोरडी नळी भर उन्हात गार पाण्यानं भरू नये, तडकते. ते काम सूर्य उगवायच्या आधी करावं.

तिसरं कारण गच्चीवर सापडत नाही, ते घराघरांत लपलेलं असतं. गरम-गार एकत्र करणाऱ्या नळाला पुढे हँडशॉवर लावून कुणी नळाची मूठ उघडी ठेवली, की ज्या बाजूला दाब जास्त तिकडचं पाणी दुसऱ्या पाइपात घुसतं. एका घरातला असा एक नळ संपूर्ण रांगेचं पाणी कोमट करू शकतो. त्यासाठी उलट जाणारं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह मिळतो. आमच्याकडे तिसऱ्या मजल्याची वर्षभराची तक्रार अशाच एका व्हॉल्व्हनं मिटली.

हीट पंप: ऊब वाहून नेणारा हमाल

फ्रिजच्या मागे हात लावून पाहा, गरम लागतो. आतल्या भाजीतली ऊब काढून तो मागे टाकत असतो. हेच यंत्र उलटं वापरायचं. भाजीऐवजी बाहेरच्या हवेतली ऊब काढायची आणि ती पाण्याच्या टाकीत टाकायची. याला म्हणतात हीट पंप.

आत एक द्रव फिरत असतो, जो गार हवेतही उकळून वायू होतो. इंजेक्शनच्या आधी दंडावर स्पिरिट लावलं की गार वाटतं, कारण उडून जाताना ते त्वचेतली ऊब घेतं. तसाच हा द्रव हवेतली ऊब घेतो. मग कॉम्प्रेसर त्या वायूला दाबतो. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं नळकांडं तापतं, तसा दाबलेला वायू तापतो. तो टाकीभोवतीच्या वेटोळ्यातून फिरतो, पाण्याला ऊब देतो, पुन्हा द्रव होतो आणि पुन्हा फेरीला निघतो.

या फेऱ्यांतून १ युनिट विजेमागे पाण्याला साधारण ३ युनिटं उष्णता मिळते. इथे शाळेतलं विज्ञान आठवणारा वाचक हरकत घेणार: १ युनिट वीज घेऊन ३ युनिटं उष्णता कशी देईल? ऊर्जा निर्माण करता येत नाही ना? बरोबर आहे, आणि तो नियम इथे मोडतही नाही. हमाल धान्य पिकवत नाही, पोतं एका जागेवरून दुसऱ्या जागी नेतो. त्याची मजुरी पोत्याच्या किमतीपेक्षा कमीच असते. तीनपैकी २ युनिटं हवेतून आली, वीज ही फक्त मजुरी. किती पट मिळालं त्या आकड्याला 'सीओपी' म्हणतात, आणि कोटेशनमध्ये तो पाहायचाच. आपल्या हवामानात ३ ते ४ मिळतो. निफाडच्या कडाक्याच्या पहाटे तो खाली येईल, पण साध्या गिझरइतका कधीच नाही.

कडक थंडीच्या देशांत हेच यंत्र घरं तापवतं. नॉर्वे, स्वीडनमध्ये ते सर्रास दिसतं. जर्मनीनं २०२४ पासून नव्या वस्त्यांतल्या घरांना तापवणीतला ६५ टक्के भाग अक्षय ऊर्जेचा असावा, अशी अट घातली. ब्रिटन गॅसचा बॉयलर काढून हीट पंप बसवणाऱ्याला ७,५०० पौंड देऊ लागला. तिकडे राहणारे आपले नातेवाईक फोनवर ज्या हीट पंपाबद्दल बोलतात, तो हाच. तिथे बाहेर शून्याखाली असताना जे चालतं, त्याला पुण्याची १२ अंशांची पहाट म्हणजे सोपं काम.

अडचणी आहेतच. यंत्र गिझरच्या कित्येक पट महाग. २०० लिटर तापवायला काही तास घेतं. कॉम्प्रेसरचा आवाज असतो आणि मोकळी हवा लागते. बंद कपाटात ठेवलं तर आपणच गार केलेली हवा पुन्हा ओढत बसतं. दोन माणसांच्या घरात, फक्त तीन महिने ऊन पाणी लागत असेल, तर मी तरी घेणार नाही. सहा-सात माणसांचं घर, वसतिगृह, छोटं रुग्णालय, व्यायामशाळा इथे त्याचे पैसे लवकर वसूल होतात.

मग नळ्या की पॅनल?

आता त्या सभेतल्या वादाकडे. तेच २ चौरस मीटर ऊन घेऊ.

नळ्या किंवा सपाट पेटी लावली तर रोज सुमारे ४ युनिटं उष्णता मिळते. त्याच जागी साधारण ४०० वॅटचं वीज पॅनल लावलं तर दिवसाला १.६ युनिट वीज. ती साध्या गिझरला दिली तर १.६ युनिटच उष्णता. नळ्यांच्या निम्म्याहून कमी. म्हणजे "पॅनल लावा आणि गिझर चालवा" हा सल्ला जागेच्या हिशेबात तोट्याचा आहे. पण तीच वीज हीट पंपाला दिली, तर तिप्पट होऊन ४.८ युनिटं. नळ्यांपेक्षा थोडी जास्तच.

आणि मे महिना विसरू नका. वैशाखात टाकीतलं पाणी उकळायला टेकतं आणि कुणालाच नको असतं. नळ्यांचं सर्वांत मोठं उत्पादन असं वाया जातं. पॅनलची वीज मात्र तेव्हा पंख्याला, एसीला, पाण्याच्या पंपाला लागते.

म्हणून माझं मत असं: नळ्या चालू असतील किंवा दुरुस्तीनं चालू होणार असतील, तर त्यांना हात लावू नका. त्यांचे पैसे केव्हाच वसूल झालेत. संच पार गंजून संपला असेल आणि गच्ची लहान असेल, तर त्या जागी पॅनल आणि हीट पंप ही जोडी विचारात घ्या. नळ्या काढून नुसते पॅनल आणि प्रत्येक घरी गिझर, हा मात्र तिन्हींतला सर्वांत कच्चा पर्याय.

आणखी एक बारकावा. गिझर लागतो पहाटे सहाला, आणि पॅनलची वीज येते दुपारी. नेट मीटरिंगमुळे बिलात दोन्हींची वजाबाकी होते, पण पहाटेची वीज दुसऱ्याच कुठल्यातरी केंद्रातून आलेली असते. हीट पंप मात्र दुपारी बाराला चालवता येतो. तेव्हा हवा सर्वांत उबदार, म्हणून कामही हलकं. चांगल्या आवरणाच्या टाकीत ते पाणी सकाळपर्यंत काही अंशच उतरतं. २०० लिटर पाणी २५ वरून ५५ अंशांवर नेलं की टाकीत ७ युनिटं उष्णता साठते. एवढी वीज बॅटरीत साठवायची तर चांगलेच पैसे मोजावे लागतात.

पावसाळा, उंच इमारत, भाड्याचं घर

आषाढात नळ्या थकतात, हे खरं. कोकणात आणि घाटमाथ्यावर तर आठवडेच्या आठवडे. म्हणून टाकीत विजेची कॉइल असते. पण ती कायम चालू राहिली तर ऊन असतानाही पाणी विजेवरच तापतं. अशा विसरलेल्या कॉइलनं सामाईक बिल फुगलेल्या सोसायट्या मी पाहिल्या आहेत. हीट पंपाला ढगांचं वावडं नाही, त्याला हवा पुरते.

बारा मजली इमारतीत ४८ घरं असतील तर प्रत्येकी १०० लिटरसाठी ९६ चौरस मीटर नुसता काचेचा पृष्ठभाग लागतो, वर चालायला जागा वेगळी. तेवढी गच्ची बहुधा नसते. तिथे सोलरनं पाणी निम्मं तापवून उरलेलं काम सामाईक हीट पंपानं करणं बरं.

भाड्याच्या घरात गच्ची आपली नसते. तरी गिझरचा थर्मोस्टॅट ६५ वरून ५० अंशांवर आणता येतो, खपली काढून घेता येते, आणि आंघोळ झाली की बटण बंद करता येतं. यानं वाचलेली युनिटं बिलाच्या सर्वांत वरच्या, म्हणजे सर्वांत महाग टप्प्यातली असतात.

पाइपातलं गार पाणी

शेवटची तक्रार सोलर असलेल्या प्रत्येक घरातली: नळ सोडला की आधी कितीतरी वेळ गारच पाणी येतं. गच्चीपासून आपल्या नळापर्यंतचा पाइप रात्रभर निवलेला असतो. आतून २५ मिलिमीटरच्या पाइपात मीटरमागे जवळपास अर्धा लिटर पाणी मावतं, म्हणजे २० मीटरमध्ये १० लिटर. बहुतेक घरी ते मोरीत सोडून दिलं जातं. चाळीस घरांत रोज ४०० लिटर, तेही ज्या शहरांत उन्हाळ्यात टँकर येतो तिथे. नव्या बांधकामात पाइपाला आवरण घालून, छोट्या पंपानं पाणी फिरतं ठेवायची सोय करून घ्यावी. जुन्या घरात एवढंच करा की नळ उघडायच्या आधी खाली बादली ठेवा. आधी येणारं १० लिटर गार पाणी बादलीतच राहू द्या. त्यावर साठ अंशांचं पाणी येऊन बादली भरली की ती चाळीसच्या आसपास येते, आणि विसण वेगळी घालावी लागत नाही.